गिधाडांवरील शोधनिबंधाला गुण किती?

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास मराठी वृत्तपत्रांत एक बातमी हमखास झळकते. 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत विद्यापीठातील इतक्या प्राध्यापकांचा समावेश' असा तिचा मथळा असतो. सत्कार होतात, प्रवेशद्वारावर फलक लागतात आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात तो आकडा ठळक अक्षरांत छापला जातो. ही यादी 'स्टॅनफर्ड विद्यापीठाची' म्हणून ओळखली जात असली, तरी तो त्या विद्यापीठाने दिलेला सन्मान नव्हे. स्टॅनफर्डमधील प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या 'स्कोपस' या माहितीसंग्रहावरून ती तयार केली जाते. शास्त्रज्ञाच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला, ही बाब सहा वेगवेगळ्या रीतींनी मोजून त्यांचा एकत्रित गुणांक काढायचा, असे हे सूत्र आहे. विज्ञानाच्या २२ शाखा आणि १७४ उपशाखा त्यात कल्पिलेल्या असून परिसरशास्त्र आणि उत्क्रांतिशास्त्र या त्यांपैकी दोन होत.

या यादीत नाव येणे निरर्थक आहे, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न असा आहे की, अशा आकड्यांवरून नेमके काय कळते आणि त्यांच्या आधारे कोणते निर्णय घ्यावेत. भारतात हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्यांसाठीच्या गुणपद्धतीऐवजी कामाच्या गुणात्मक मूल्यमापनावर भर देणारा नियमावलीचा मसुदा विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. पाठोपाठ फेब्रुवारीत आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केली. कोणते नियतकालिक चांगले आणि कोणते संशोधन मोलाचे, हे ठरविण्याची जबाबदारी त्यामुळे संस्थांवर येऊन पडली आहे. ती पार पाडताना तयार आकड्यांचा मोह होणे स्वाभाविक आहे. हा मोह सर्वच शास्त्रांत धोक्याचा असला, तरी सजीवांचे परस्परसंबंध आणि त्यांची उत्क्रांती अभ्यासणाऱ्या शास्त्रांत तो विशेष महागात पडतो.

संशोधनाच्या या मोजमापाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संदर्भोल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली. एखाद्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला हे कळले, तर विचारांचा माग काढता येईल, हा तिच्यामागील हेतू होता. १९६४ मध्ये अशी सूची प्रत्यक्षात आली. तिच्यातूनच 'इम्पॅक्ट फॅक्टर' हे माप रूढ झाले. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा चालू वर्षी सरासरी किती वेळा उल्लेख झाला, हा त्याचा अर्थ. मुळात हे माप नियतकालिकांसाठी होते. कोणती मागवावीत, हे ठरविताना ग्रंथपालांना त्याचा उपयोग होत असे. पुढे ते माणसांनाही लावले जाऊ लागले. २००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी 'एच-इंडेक्स' सुचविला. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० उल्लेख मिळाले आहेत, त्याचा एच-इंडेक्स २०. हे माप सुटसुटीत असल्याने झपाट्याने पसरले. निरनिराळ्या शास्त्रांतील व्यक्तींची तुलना या आकड्यावरून करणे योग्य नाही, हे हर्श यांनी प्रारंभीच सांगितले होते. २०२० मध्ये तर या मापाचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात, अशी कबुलीही त्यांनी दिली. परंतु तोपर्यंत निवड समित्यांना त्याची सवय जडली होती.

या मापांची मर्यादा समजण्यासाठी गिधाडांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची घरटी ओस पडत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आले. याच उद्यानातील शिकारी पक्ष्यांचा अभ्यास त्यांनी १९८० च्या दशकात केलेला असल्याने तुलनेसाठी जुन्या नोंदी हाताशी होत्या. १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची सुमारे साडेतीनशे घरटी तेथे होती. १९९६-९७ मध्ये ती निम्म्याहूनही कमी राहिली. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले ते सोसायटीच्याच, मुंबईहून १८८६ पासून निघणाऱ्या नियतकालिकात.

त्यानंतरचा घटनाक्रम सर्वज्ञात आहे. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासावरून 'नेचर'मध्ये या मृत्यूंचे कारण मांडले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. मेलॉक्सिकॅम हा पर्याय गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्ये दाखविण्यात आले आणि त्याच वर्षी भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारांत एक पक्षी उरला, हा हादरवून टाकणारा हिशेबही २००७ मध्ये मुंबईच्या याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गिधाडे नाहीशी झाल्याने मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली, भटक्या कुत्र्यांचा आणि रोगराईचा प्रश्न बळावला. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २००० ते २००५ या काळात भारतात त्यामुळे सुमारे ५ लाख माणसांचे अतिरिक्त मृत्यू ओढवले.

या साखळीतील 'नेचर'मधील निबंधाला जगभरातून उल्लेख मिळाले, ते रास्तच आहे. परंतु पहिली घंटा वाजविली ती भरतपूरच्या घरट्यांच्या मोजणीने. ती मोजणी एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने केली असती, तर तिला किती गुण मिळाले असते? आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत निबंधाच्या मूळ गुणांत नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार भर घालण्याची तरतूद आहे. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकातील निबंधाला ५ गुणांची भर, तर तो १० हून अधिक असलेल्या नियतकालिकातील निबंधाला ३० गुणांची. निबंधात काय म्हटले आहे, हा विचार या भरीत कोठेच येत नाही. देशाच्या सार्वजनिक आरोग्याशी निगडित असलेला इशारा आणि विस्मरणात जाणारा एखादा तांत्रिक तपशील यांतला फरक तेथे केवळ छापखान्याच्या पत्त्यावरून ठरतो.

असे घडते याची कारणे या शास्त्रांच्या स्वभावातच आहेत. पहिले कारण स्थळाचे. रसायनशास्त्रातील नवी प्रक्रिया टोकियोत आणि टोरांटोत सारखीच उपयोगी पडते. म्हणून तिचा उल्लेख सर्वत्र होतो. देवराईतील वनस्पतींची किंवा एखाद्या नदीतील माशांची नोंद मुख्यत्वे त्या प्रदेशालाच हवी असते. तिचा वापर वनखाते करते, न्यायालय करते, ग्रामसभा करते. मात्र यांपैकी कोणीही शोधनिबंध लिहीत नसल्याने 'स्कोपस'च्या खातेवहीत त्या वापराची नोंद होत नाही. माधव गाडगीळ यांच्या कामात ही विसंगती ठळकपणे दिसते. विल्यम बॉसर्ट यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये 'अमेरिकन नॅचरलिस्ट'मध्ये लिहिलेला सजीवांच्या जीवनक्रमावरील सैद्धांतिक निबंध हा संदर्भोल्लेखांच्या कसोटीवर नाणावलेला आहे. त्यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला दिलेला अहवाल मात्र शोधनिबंध नव्हे. तरीही सिंधुदुर्गापासून केरळपर्यंतच्या गावांत, विधिमंडळांत आणि न्यायालयांत ज्याच्यावर वर्षानुवर्षे वाद झडले, तो हा अहवालच. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, तेव्हा लोकांना आठवला तोही हाच अहवाल. एकाच शास्त्रज्ञाच्या या दोन कामांपैकी अधिक प्रभावी कोणते, याचे उत्तर कोणताही निर्देशांक देऊ शकत नाही.

दुसरे कारण काळाचे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ मध्ये गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर फिंच पक्ष्यांच्या चोची मोजायला सुरुवात केली. १९७७ च्या दुष्काळात मोठ्या, दणकट चोचीचे पक्षी अधिक संख्येने तगले आणि नैसर्गिक निवड चालू असताना ती प्रत्यक्ष पाहता येते, हे सिद्ध झाले. पुढील चार दशके हे काम चालू राहिले. रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये जिवाणूंच्या बारा वंशमालिका वाढविण्याचा प्रयोग आरंभिला. त्यांपैकी एकीत सायट्रेटवर जगण्याची नवी क्षमता विकसित झाल्याचा गाजलेला निबंध २००८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, प्रसिद्ध झाला. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडलेली नात्यागोत्यावर आधारित परोपकाराची उपपत्ती आज उत्क्रांतिशास्त्राचा एक आधारस्तंभ मानली जाते. परंतु प्रारंभीची काही वर्षे तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. जेथे एक पावसाळा म्हणजे एक निरीक्षण, तेथे दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरला काय दिसणार?

तिसरे कारण नावांचे. कोणत्याही सजीवाचा अभ्यास करण्यापूर्वी तो कोण आहे, हे ठरावे लागते. ते काम वर्गीकरणशास्त्राचे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला 'बेंगालेन्सिस' हे नाव ग्मेलिन यांनी १७८८ मध्ये दिले. आजही प्रत्येक निबंधात ते नाव वापरले जाते, पण नाव देणाऱ्याच्या मूळ लेखनाचा उल्लेख संदर्भसूचीत सहसा केला जात नाही. हा केवळ जुन्या काळचा प्रश्न नव्हे. लांब चोचीचे गिधाड म्हणून ओळखली जाणारी जात प्रत्यक्षात दोन भिन्न जातींची आहे, असे पामेला रासमुसेन आणि एस. जे. पॅरी यांनी २००१ मध्ये 'व्हल्चर न्यूज' या छोटेखानी नियतकालिकात दाखवून दिले. निमुळत्या चोचीचे गिधाड हे स्वतंत्र असून ते कमालीचे दुर्मीळ आहे, हे त्यामुळेच उमगले आणि त्याच्या संवर्धनाचा वेगळा विचार होऊ शकला.

वर्गीकरणशास्त्राची ही उपेक्षा २०२० मध्ये चव्हाट्यावर आली. प्राण्यांच्या नव्या प्रजातींच्या वर्णनांचा फार मोठा वाटा एकट्या 'झूटॅक्सा' या नियतकालिकातून प्रसिद्ध होतो. सह्याद्रीतील कित्येक पाली आणि बेडूक यांची वर्णनेही त्यात आली आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर करणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने त्या वर्षी 'झूटॅक्सा'ला आपल्या यादीतून वगळले. या नियतकालिकातील निबंध त्याच नियतकालिकाचे उल्लेख प्रमाणाबाहेर करतात, असा तिचा आक्षेप होता. वास्तविक नव्या पालीचे वर्णन करणाऱ्याला तिच्या नातलग जातींची पूर्वीची वर्णने तपासावीच लागतात आणि ती बहुतांशी तेथेच छापलेली असतात. जगभरातील वर्गीकरणतज्ज्ञांनी निषेध नोंदविल्यानंतर कंपनीने निर्णय फिरविला. मात्र एका खासगी कंपनीच्या गणिती चाळणीमुळे एका अख्ख्या शास्त्राचे प्रमुख व्यासपीठ काही काळ का होईना अपात्र ठरू शकते, हे त्या निमित्ताने दिसून आले.

मापे चुकीची असती तर एक वेळ चालले असते. ती माणसांची वागणूक बदलतात, ही खरी चिंता आहे. चार वर्षांत निबंधांची ठरावीक संख्या गाठायची असेल, तर तरुण संशोधक जंगलात दहा वर्षे चालणाऱ्या पाहणीच्या वाटेला जाणार नाही. इतरांनी गोळा केलेली माहिती एकत्र करून संगणकावर विश्लेषण करणे त्याला अधिक लाभाचे वाटेल. अशा संकलित अभ्यासांचे मोल आहेच. परंतु चिखल तुडवून, जळवांचे चावे सोसून मूळ नोंदी करणाऱ्यांच्या पदरी काही पडणार नसेल, तर संकलनासाठी उद्या नव्या नोंदी कोठून येणार? एकाच अभ्यासाचे चार निबंध पाडणे, परस्परांचे उल्लेख करणे, पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचा आश्रय घेणे हे प्रकारही याच शर्यतीतून फोफावले. मागे घेण्यात आलेल्या निबंधांसाठी 'एनआयआरएफ' या राष्ट्रीय क्रमवारीत २०२५ मध्ये उणे गुण देण्याची वेळ आली, यातच सारे आले.

तथापि या चर्चेला दुसरी बाजूही आहे आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. आकड्यांचा आग्रह भारतात लोकप्रिय झाला, तो वशिलेबाजीला कंटाळलेल्या उमेदवारांमुळेही. निवड समितीच्या बंद दाराआड 'गुणवत्ता' या शब्दाचा अर्थ कोणाचा विद्यार्थी, कोणत्या गटातला असा लावला जातो, हा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे. ज्याला गॉडफादर नाही, अशा उमेदवाराच्या हाती आकडा ही एक ढाल असते. आकडे हटविले आणि त्यांच्या जागी विश्वासार्ह परीक्षण आणले नाही, तर लाभ कोणाचा होईल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. म्हणूनच निर्देशांकांवर टीका करणाऱ्यांनी पर्यायाचीही मांडणी करणे आवश्यक ठरते.

जगात त्या दिशेने प्रयत्न झाले आहेत. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून संशोधकाची योग्यता ठरवू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आकड्यांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला साह्य करावे, त्याची जागा घेऊ नये, हे तत्त्व २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने मांडले. चीन सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये निबंधसंख्येच्या वर्चस्वाला आळा घालणारे आदेश काढले. ब्रिटनने २०१४ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात विद्यापीठाबाहेरच्या जगावर संशोधनाचा काय परिणाम झाला, यासाठी २० टक्के भार राखून ठेवला. २०२१ मध्ये तो २५ टक्के करण्यात आला. गिधाडांवरील कामासारख्या संशोधनाची कहाणी पुराव्यानिशी सांगण्याची सोय त्यात आहे. अर्थात हा मार्गही स्वस्त नाही. २०१४ च्या या एका फेरीचा खर्च सुमारे २४ कोटी ६० लाख पौंड झाला. भारतातील शेकडो विद्यापीठे आणि हजारो महाविद्यालयांना तो मार्ग जसाच्या तसा परवडणारा नाही.

परंतु त्यातील सार घेण्यास फारसा खर्च येत नाही. उमेदवाराने आपली पाच निवडक कामे पुढे ठेवावीत, समितीने ती खरोखर वाचावीत आणि निवडीची कारणे लेखी स्वरूपात जाहीर करावीत, एवढे केले तरी वशिला आणि आकडा या दोघांवरही अंकुश राहील. या निवडक कामांत निबंधांबरोबर नव्या प्रजातींची वर्णने, दीर्घकालीन नोंदी, जैवविविधता नोंदवह्या आणि धोरणविषयक अहवाल यांनाही स्थान हवे. मूळ नोंदी सर्वांसाठी खुल्या करणे हेही योगदान मानले पाहिजे. परिसरशास्त्र व उत्क्रांतिशास्त्रातील काही प्रमुख नियतकालिकांनी २०११ पासून निबंधामागील मूळ माहिती खुल्या संग्रहात ठेवण्याचा नियम केला. कोळ्यांच्या वर्तनावरील काही गाजलेल्या निबंधांतील संशयास्पद आकडे २०२० मध्ये उघडकीस आले, ते अशा खुल्या माहितीमुळेच. संदर्भोल्लेखांची संख्या असे काही पकडू शकत नाही. उलट त्या निबंधांना तोवर ते उल्लेख मिळतच होते.

श्रेयाची कल्पनाही व्यापक करावी लागेल. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात ९४२ पक्षी-जातींचे मूल्यमापन असून त्यामागे सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदी आहेत. त्यांत बँकेतील कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. या साऱ्यांचा एच-इंडेक्स शून्य म्हटला, तरी देशातील कोणता पक्षी संकटात आहे, हे त्यांच्यामुळेच कळते.

सप्टेंबरमधील यादी यापुढेही येत राहील आणि तिच्यात नाव आलेल्यांचे अभिनंदनही व्हावे. मात्र नेमणूक करणाऱ्या समितीने त्या आकड्याला उत्तर न समजता प्रश्न समजावे: हे उल्लेख कशाचे आहेत, आणि ज्याला उल्लेख नाहीत त्याने काय केले आहे? देशाच्या आकाशातून गिधाडे नाहीशी होत असताना कोणीतरी वर्षानुवर्षे एकाच उद्यानातील घरटी मोजत होते, म्हणून निदान ते वेळीच कळले. आज कोणत्या रानात, कोणत्या खाडीत असेच काही घडत असेल, तर ते मोजणारे माणूस तेथे असणार की नाही, याचा निर्णय या निवड समित्यांच्या टेबलावर होत आहे.